वाईतल्या वाड्याची मागची भिंत फुगली आहे : पाडायचा की दुरुस्त करायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. वाईत घाटाकडे उतरणाऱ्या आळीत तुमच्या पणजोबांचा दुमजली, एकचौकी वाडा आहे. मागच्या भिंतीला पोट आलंय. माजघरात कमरेपर्यंत ओल आणि लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) आहे, आणि वरच्या एका खणात (दोन खांबांमधल्या भागात) पाय टाकला की जमीन दबते. काही वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, तरी ओल वाढतच गेली. काका-काकू तिथे राहतात, बाकी भावंडं पुण्यात आणि बंगळुरात. ठेकेदार म्हणतो, "यात आता राम नाही. पाडा, आरसीसी करून देतो, पाडण्याचे पैसेही घेत नाही." तुमचे प्रश्न दोन : वाडा वाचण्यासारखा आहे का, आणि तोवर पुन्हा एकदा चांगला गिलावा मारून घ्यावा का?

दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो : मारू नका. पहिल्याचं उत्तर चार फोटोंवरून कोणी छातीठोकपणे दिलं, 'पाडा' म्हणून किंवा 'वाचेल' म्हणून, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तरी तुम्ही दिलेल्या माहितीतून बरंच कळतं. कुठे पाहायचं, कोणत्या क्रमाने पाहायचं आणि का, हे सांगतो. वाई, सातारा आणि पुण्याच्या पेठांमधल्या अशा वाड्यांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे.

सगळ्यात आधी एक काम आजच करा. काका-काकूंचा पलंग त्या भिंतीलगत असेल तर हलवा. त्या भिंतीवर टेकणाऱ्या नाटांखाली (मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांखाली), दबणाऱ्या खणाच्या खाली, माहितगार सुताराकडून टेकू लावून घ्या. टेकूखाली आडवी फळी हवी, नाहीतर तो शहाबादीत घुसतो. पावसाळ्यापुरती ती खोली बंद ठेवली तर उत्तम. बाकीचा विचार नंतर सावकाश करता येईल.

आता मुद्द्याकडे. तुमच्या लांबलचक मजकुरात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : "आजी सांगायची की दिंडी दरवाजाला तीन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते." माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्या दोन पायऱ्या रस्त्याखाली गेल्या. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर पडतो, रस्ता वर येतो आणि वाड्याचं जोतं जमिनीत जातं. घडीव काळ्या दगडाचं ते जोतं बांधलं होतंच मुळी भिंतीतली माती ओल्या जमिनीपासून वर राहावी म्हणून. आता रस्त्याचं पाणी जोत्याच्या वर, थेट भिंतीच्या अंगाला लागतंय. मागच्या बाजूलाही बोळात भर पडून जमीन चढली असणार, तेही पाहून घ्या.

वाईत बांधणाऱ्यांना पाणी कळत होतं, हे मी गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. ढोल्या गणपतीचं देऊळ पाहा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ते अगदी नदीकाठी बांधलं आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली, कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून बाजूंनी निघून जावं म्हणून. तीच अक्कल साध्या घरांतही दिसते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, कुठेही जा, आळीचा उतार घाटाकडे, चौकाचा उतार मोरीकडे, मोरीचं दगडी गटार आळीकडे. महाबळेश्वरचा डोंगर डोक्यावर असलेल्या गावात पाऊस अडवून भागत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. आपण गेल्या दोन पिढ्यांत या वाटा एकेक करून बुजवल्या. चौकात कोबा केला, मोरीचं गटार बंद करून पाइप टाकला, वरच्या मजल्यावर लाकडी नाटांवरच नहाणीघर काढलं. त्यातल्या किती गोष्टी तुमच्याकडे झाल्यात, ते काकांना विचारा.

म्हणून पहिली तपासणी पाण्याची. एका जोरदार सरीत काकांनी (किंवा शेजारच्या एखाद्या उत्साही पोराने) मोबाइल घेऊन वाड्यात फिरावं. छपरावर दोन घरांच्या उतारांमधली पत्र्याची पन्हळ पाहा. आळीतली घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे ही पन्हळ कुणाचीच नसते, म्हणून ती सगळ्यात आधी सडते. ती गळते तिथे खाली भिंतीच्या माथ्यातून पाणी आत उतरतं. मग चौक : पाणी साचतं की जातं? मग नहाणीघर : बादलीभर पाणी ओता आणि खालच्या कडीपाटावर (लाकडी छतावर) डाग ओला होतो का पाहा. तुमचा दबणारा खण नहाणीच्या शेजारचाच निघाला, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. शेवटी ओलीची वरची रेघ पेन्सिलीने भिंतीवर आखून शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यात आणि मे महिन्यात रेघ कुठे असते, यावरून पाणी जमिनीतून चढतंय की वरून उतरतंय, हे यंत्राशिवाय कळतं.

सिमेंटच्या गिलाव्याने ओल का वाढली? तुमची मागची भिंत दगड-मातीची आहे. अशा भिंतीत थोडं पाणी जमिनीतून चढणारच. जुना चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ते पाणी बाहेर सुकू देत होता. ओल फूटभर चढायची आणि तिथेच वाळायची. वर वाळलेले क्षार गिलाव्यावर पांढरे दिसायचे. दर काही वर्षांनी खालचा पट्टा खरवडून नवा करायचा, इतकीच देखभाल. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली. मग पाणी आणखी वर चढलं आणि आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या माजघरात, बाहेर पडायला लागलं. बाहेरून भिंत कोरडी दिसते, पण आत दगडांमधली माती वर्षभर ओली राहून मऊ पडते. त्यावर कुणी आतून टाइल्स किंवा वॉटरप्रूफिंगचा रंग सुचवला, तर दुसरी वाटही बंद होईल. सिमेंट वाईट नाही, माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब सिमेंटचाच आहे. पण या भिंतीवर ते चालत नाही.

आता पोटाबद्दल. इथे तपशील थोडा बारीक आहे, पण सगळा निर्णय यावरच ठरेल. दीड-दोन फूट जाडीची ही भिंत अखंड नसते. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, दोन्हींच्या मध्ये लहान दगड-मातीचा भराव. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवतात ते भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. ते पुरेसे असले तर भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. ते कमी असतील आणि आतली माती ओलीने मऊ झाली, तर भराव खाली बसतो आणि गच्च भरलेल्या पोत्यासारखा दोन्ही बाजूंना रेटतो. मग एक पदर सुटून बाहेर येतो.

तो सुटलाय का, हे पाहायला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) आणि लहान हातोडी पुरते. बाहेरून ओळंबा सोडून दर फुटावर दोरीपासून भिंतीचं अंतर मोजा. तसंच बरोबर त्याच जागी आतून. बाहेर पोट आणि आतून भिंत सरळ असेल, तर फक्त बाहेरचा पदर सुटलाय. हे दुरुस्त होतं. पण आतूनही भिंत तेवढीच बाहेर कललेली निघाली, तर अख्खी भिंत झुकते आहे. मग कारण पायात किंवा छपरात शोधावं लागतं : पाया एका बाजूने खचलाय, नाहीतर कुजलेल्या वाशांमुळे छप्पर भिंतीला बाहेर ढकलतंय. हा आजार मोठा आहे. हातोडीने पोटावर हलकं ठोकून पाहा. सुटलेल्या जागी बद्द, पोकळ आवाज येतो आणि तुमच्या दुसऱ्या हाताच्या तळव्याला भिंतीची किंचित थरथर जाणवते. घट्ट जागी खणखणीत. मात्र सिमेंटचा थरच सुटला असेल तरी आवाज पोकळ येतो, म्हणून आधी हातभर जागेत गिलावा छिन्नीने काढून, खुद्द दगडावर ठोका. ब्रेकर मशीन या भिंतीला अजिबात लावू देऊ नका.

तडे असतील तर त्यांच्यावर पातळ काचपट्टी दोन टोकांना चिकटवून तारीख घाला. काच फुटली तर भिंत अजून हलतेय. वर्षभर शाबूत राहिली तर तडा जुना आहे. गावाकडचे जुने गवंडीही हे करायचे.

"दगड-मातीची घरं भूकंपात पडतात," हा ठेकेदाराचा दुसरा मुद्दा तुम्ही लिहिलाय. त्यात तथ्य आहे, तो उडवून लावू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं गेली ती बहुतांशी अशाच जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या धाब्याखाली. आणि तुम्ही तर कोयनेच्या जिल्ह्यात आहात, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप काकांना आठवत असेल. फरक कुठे पडतो, तर वजन कोण पेलतं यात. वाड्याच्या चौकाकडचा भाग सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभा असतो, त्यामुळे मधली भिंत ढासळली तरी मजला लगेच खाली येत नाही. वर कौलं असल्याने डोक्यावर ओझंही कमी. पण मागच्या भिंतीत खांब गाडलेले आहेत की नाटांची टोकं थेट भिंतीवरच टेकलीत, हे घराघरावर अवलंबून असतं. मी दोन्ही प्रकार एकाच आळीत पाहिलेत. खणाच्या रेषेवर आतला गिलावा वीतभर काढून पाहिल्याशिवाय तुमच्याकडे काय आहे ते सांगता येत नाही. आत खांब असतील तर त्यांचे पाय पाहा. ओल्या भिंतीत खांबाचा तळ आधी कुजतो. पेचकस टोचून पाहा : चांगलं सागवान टोक आत घेत नाही, कुजलेलं घेतं. वाळवीने पोखरलेलं असेल तर बाहेरून रंग शाबूत आणि आत नुसता भुसा.

यातलं बहुतेक सगळं दुरुस्त करता येतं. नाटाचं टोक कुजलं तर तेवढं कापून जुन्याच सागवानाचा सांधा देतात किंवा लोखंडी चॅनेल जोडतात, अख्खा नाट बदलायची गरज क्वचित पडते. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती बोटभर हवा खेळायला जागा ठेवायची, सिमेंटने ठासायचं नाही. खांबाचा कुजलेला पाय कापून खाली उंच तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, बसवता येतो. भिंतीचा सुटलेला पदर टेकू देऊन, एका वेळी तीन-चार फुटांची रुंदी उतरवून, तेच दगड पुन्हा चुन्यात रचायचे आणि प्रत्येक थरात आरपार दगड घालायचे. फुगवटा थोडा असेल तर उतरवावीही लागत नाही : भिंतीत जागोजागी हाताने आरपार भोक पाडून, आकड्याची सळई घालून, काँक्रीट भरून दोन्ही पदर जखडतात. किल्लारीनंतर मराठवाड्यात ही पद्धत बरीच वापरली गेली आणि आयएस १३९३५ या भारतीय मानकातही ती आहे. हो, इथे काँक्रीट चालतं, कारण ते ठिपक्याठिपक्यांनी आहे, भिंतीला झाकत नाही. तुमच्या इंजिनिअरला या मानकाचं नाव सांगा. त्याने ते कधी ऐकलेलंच नसेल, तर दुसरा इंजिनिअर पाहा.

चुन्याचं काम करणारे गवंडी मिळतात का, हे तुम्ही पुढे विचारणारच. मिळतात, पण पारखून घ्या. चुना किती दिवस भिजवून ठेवणार, हे विचारा. "बाजारातली पिशवी आणून लगेच कालवू," म्हणणारा नको. गूळ, हिरडा, बेलफळ यांच्या गप्पा ऐकून भारावूनही जाऊ नका. प्रमाण, वाळूची प्रत आणि नंतर हळूहळू सुकवणं, सगळं यश त्यात आहे. चुन्यात थोडं सिमेंट "पकड यायला" टाकण्याची सवय अनेकांना असते. ती इथे पूर्ण बंद. भिंत, छप्पर, लाकूड एकत्र पाहायचं असेल तर भावंडांना घेऊन जवळच मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाऊन या. चित्रं सगळेच पाहतात. तुम्ही भिंतीची जाडी पाहा, तुळई खांबावर कशी बसलीय ते पाहा, आणि चौकातलं पाणी कुठे जातं तेही.

आता न बोललेली गोष्ट. तुमच्या मजकुरात भिंतीवर दोन परिच्छेद आहेत आणि भावंडांवर चार. माझ्या अनुभवात अशा वाड्यांचा निकाल भिंत लावत नाही, वाटणी लावते. कुणाला फ्लॅट हवा असतो, कुणाला पैसे, कुणाला नुसता दिवाळीला यायला वाडा. यात चूक-बरोबर काही नाही. पण "वाडा कमकुवत आहे" हे सगळ्यांना सोयीचं कारण होतं आणि मग खरं बोलणं टळतं. दोन्ही चर्चा वेगळ्या करा. आधी वाड्याची लेखी तपासणी, तिचा खर्च सगळ्यांनी समान वाटून, म्हणजे अहवाल कुणा एकाचा होत नाही. मग वाटणीचं बोला.

आणि 'पाडून नवं' याचाही हिशेब नीट मांडा, कारण ठेकेदाराने तो अर्धाच मांडलाय. नगरपरिषदेत जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा. एक, विकास योजनेत तुमच्या आळीची रुंदी वाढवली आहे का? असेल तर नवीन बांधकामात समोरची जागा सोडावी लागेल. आज उभा असलेला वाडा रस्त्याच्या कडेला आहे, नवी इमारत तिथे नसेल. दोन, तुमचा प्लॉट कृष्णेच्या निळ्या पूररेषेच्या आत आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे की बाहेर? (निळी रेषा वारंवार येणाऱ्या पुराची, लाल क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची.) घाटाजवळच्या घरांना हे फार महत्त्वाचं. रेषेच्या आत जुनं घर नांदू शकतं, पण पाडल्यावर तेवढंच आणि तसंच बांधायला मिळेल हे गृहीत धरू नका. तीन, वाडा किंवा आळी वारसा यादीत आहे का? शिवाय बाजूच्या भिंती सामायिक असतील तर शेजाऱ्यांचे नाट तुमच्या भिंतीवर असू शकतात. तुमचा वाडा काढला की त्यांचा उघडा पडतो, आणि तो वाद कोर्टात किती वर्षं चालेल हे कुणी सांगू शकत नाही. ओसरीवर एखादा जुना भाडेकरू असेल तर १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाही मध्ये येतो, त्यासाठी वकिलाकडे जा, माझ्याकडे नको.

पाडणंच योग्य, असे प्रसंगही असतात. मागची भिंत आतून-बाहेरून कललेली, पाया खचलेला, दोनपेक्षा जास्त खणांच्या तुळया टोकांना कुजलेल्या, आणि वाड्यात वर्षभर राहणारं कुणीच नाही, असं सगळं एकत्र आलं तर मी स्वतः सांगतो की उतरवा. रिकाम्या वाड्याची दुरुस्ती टिकत नाही. कौल सरकलं की त्याच दिवशी बघणारं माणूस लागतं. तुमच्याकडे काका-काकू आहेत, ही जमेची बाजू. त्यांच्यानंतर कोण, हे तुम्ही ठरवायचं.

खर्चाचा आकडा मी देत नाही. भिंत उघडल्याशिवाय दिलेला आकडा अंदाजपंचेच असतो. काम ठोक रकमेवर देऊ नका, बाबवार दर ठरवा. क्रम असा ठेवा : या पावसाळ्यात टेकू, पन्हळ, नहाणीघर बंद. पाऊस सरला की मोरीचं गटार मोकळं करणं आणि मागच्या भिंतीलगतची भर काढून खडीचा चर करणं. चर पायाच्या तळापेक्षा खोल न्यायचा नाही आणि एका दमात सगळा खणायचा नाही. मग सिमेंटचा गिलावा खालून वर उतरवून भिंत उन्हाळाभर उघडी सुकू द्यायची. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही. धुतला की क्षार परत आत जातात. पोटाचं आणि लाकडाचं काम त्यानंतर, आणि चुन्याचा गिलावा सगळ्यात शेवटी. म्हणजे दोन हिवाळे धरून चाला. घाई करणारा ठेकेदार या कामाला चालत नाही. समोरच्या रस्त्यासाठी आळीतल्या सगळ्यांनी मिळून नगरपरिषदेला अर्ज द्या की पुढचा थर टाकण्याआधी जुना खरवडावा. एकट्याच्या अर्जाला फारसं वजन नसतं.

राहता राहिलं ते ठेकेदाराचं "पाडण्याचे पैसे घेत नाही". या वाक्याचा उरलेला भाग सहसा करारात असतो : 'निघणारा माल ठेकेदाराचा'. तुमच्या वाड्यातले खांब, तुळया, नाट, कडीपाटाच्या फळ्या, दिंडी दरवाजा आणि जोत्याचे घडीव दगड हा तो माल. जुन्या सागवानाला बाजारात चांगली किंमत येते आणि घडीव दगडालाही गिऱ्हाईक असतं. निर्णय काहीही झाला तरी सही करण्याआधी प्रत्येक लाकडाची लांबी-जाडी लिहून, खडूने नंबर घालून, फोटोसह यादी करा आणि दोन वेगवेगळ्या लाकूड-व्यापाऱ्यांकडून तिची किंमत काढून घ्या. ती यादी ठेकेदारापुढे ठेवलीत की त्याचा दर बदलतो की वाड्याबद्दलचं मत, ते इथे जरूर कळवा. ओळंब्याची मापं घेतलीत तर आतली आणि बाहेरची, दोन्ही टाका. ती पाहून पुढचं सांगतो.